साकव समितीचे गुरुत्वाकर्षण

समाज टिकून आहे तो सतत फिरणाऱ्या माणसांमुळे, याबद्दल दुमत नसावे. हौसाबाईंचे होते. त्यांचा मुलगा हरिश्चंद्र सकाळची पेज पोटात गेली की बाहेर पडे तो दिवेलागणीला परते, आणि मधल्या वेळात फक्त फिरे, अशी त्यांची तक्रार होती.

तक्रार अन्यायाची होती. हरिश्चंद्र साकव समितीचा अध्यक्ष होता. वाडीपुढच्या व्हाळावर दर वर्षी मिरगाच्या आधी चार गडी पोफळीची खोडं आडवी टाकत, काथ्याने आवळत आणि साकव बांधून दुपारच्या जेवणाला घरी येत. या रानटी पद्धतीत ठराव नव्हता, सूचक नव्हता, अनुमोदक तर नव्हताच. १९६५ साली समितीने ती बंद केली आणि पक्क्या साकवाचा अर्ज लिहायला घेतला. सतरा बैठका झाल्या. एकवीस सभासदांपैकी एकोणीस जणांकडे मते होती, दोघांकडे कोयते. (कोयतेवाल्यांना बोलायची परवानगी नव्हती.)

आता मिरग आठ दिवसांवर आला होता. हरिश्चंद्राची बायको नर्मदा दिवस भरत आलेली, आणि सुईण यशोदा व्हाळापलीकडे. व्हाळ भरला की सुईण त्या तीरावर आणि बाळ या तीरावर.

प्रश्न निकडीचा असल्यामुळे समितीने देवळाच्या मंडपात महादू गुरुजींचे ताऱ्यांवर व्याख्यान ठेवले.

गुरुजी म्हणाले, तारा जोरात फिरला की मध्यावर फुगतो, त्याचे पोट सुटते. सर्वांनी आदराने अध्यक्षांकडे पाहिले. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढत असते. आतले जळण संपले की तो आपल्याच वजनाने कोसळतो. जितका आक्रसतो तितका जोरात फिरतो. फारच वजनदार असला, तर शेवटी उजेडालाही बाहेर सोडत नाही, आणि आसपासची जागासुद्धा आपल्याबरोबर फिरवतो, असे गणित परदेशात नुकतेच कोणी मांडले आहे.

हौसाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. गुरुत्वाकर्षण म्हणजे माणूस खुर्चीवर बसून गुरू झाला की त्याला जी ओढ सुटते ती, असे त्या समजल्या. गुरुजींनी दुरुस्ती करून पाहिली. पण गावातल्या अधिक गोष्टी हौसाबाईंच्याच अर्थाने उलगडत होत्या. समितीत अर्ज गेला, बाहेर आला नाही. काथ्याची तीन बंडले गेली, दिसली नाहीत. शेजारचा बाळा साकवाचे काय झाले हे विचारायला गेला, तो सहचिटणीस होऊन परतला. तेव्हापासून तोही फिरतो.

हौसाबाई उभ्या राहिल्या.

"आये, बस गो," हरिश्चंद्र खालच्या आवाजात म्हणाला. "साकवाचो विषय फुडच्या बैठकीत घेतलो आसा."

"नर्मदेक सांग तसा! म्हणावा, ठराव होयसर कळ सोसून धर."

मंडप खदखदून हसला. कोयतेवाले दोघेही हसले. उठले कोणी नाही.

हौसाबाईंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, पदर कमरेला खोचला आणि जवळच्या कोयतेवाल्यापुढे हात केला. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "झिला, तुझो काय एक दोष नाय. तारो आपल्याच वजनान कोसळता, गुरुजी म्हणतत. पण तुका ह्या वजन खंयसून इला? ह्यांनीच दिल्यानी, एकेकान थोडा थोडा. आताव बघ, गजाल आयकान हसतत, माना हलयतत, आणि बसले आसत थंयच बसले आसत. तू ऱ्हव फिरत. पोफळी तोडूक मी जातंय."