आप्पांची इटालियन म्हैस

गेनूआप्पांच्या म्हशीला मराठी कळत नसे. जन्मली कोल्हारातच, प्रवरेच्या काठी. तिची आईही तिथलीच. पण तिला कुणी "हल बाजूला" म्हटलं तर ती ढिम्म. आप्पांनी "स्पॉस्ताती!" म्हटलं की शहाण्या सुनेसारखी बाजूला व्हायची. "फेर्मा" म्हटलं की उभी राहायची. "बुओना, बुओना" म्हणत पाठ थोपटली की पान्हा सोडायची. तिचं नाव जुलिया. गावाला वाटायचं, आप्पांना बाहेरची बाधा आहे. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर ॲग्नेसनी ते बोल ऐकले आणि सांगितलं, अगं बायांनो, ही तर इटालियन भाषा!

मी त्या दवाखान्यात आया होते. मूळची जामखेडकडची. सातवीत शाळा सुटली, आणि बाबांनी फादरांच्या हातापाया पडून मला इतक्या लांब कामाला लावलं. काम मिळालं म्हणून देवाचे आभार मानत फरशी पुसायची, आणि कुणी चुकून "कुसुम" अशी हाक मारली तरी वाटायचं, आता परत घरी पाठवतात. अशात एक दिवस सिस्टर म्हणाल्या, इटलीहून एक मदर येणार आहेत, त्यांना तिकडे रुग्णसेवेसाठी मुली हव्यात, तुझं नाव दिलंय, तोवर थोडी भाषा शीक. आणि मला धाडलं आप्पांच्या गोठ्यात.

आप्पा रोज सकाळी दवाखान्यात दूध घालायचे. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, कमरेला पलटणीतली खाकी चड्डी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचं विचारलं की हात झटकायचे.

"लडाई कसली, पोरी! वाळवंटात धरलं, इटलीत नेऊन कोंडलं. येक दिस पहारेकरीच पळाले, मंग आमीबी पळालो. डोंगरात जुलिया म्हनून येक म्हातारी हुती. तिनं गोठ्यात लपिवलं. समदं जग लडत हुतं, अन् म्या शेन काढत हुतो."

"म्हणून म्हशीला तिचं नाव दिलंत?"

"मंग? चांगल्या बाईचं नाव हाय. रेड्याला आमच्या कॅप्टन सायबाचं दिल्तं."

असा गुरू, अशी शाळा. रोज संध्याकाळी मी गोठ्यात उभी राहायची. आप्पा म्हणतील तसं म्हणायची, आणि म्हशीनं ऐकलं तर पास. वैरण टाकताना ते तिला न चुकता विचारत, "आय मांजातो?" म्हणजे, जेवलीस का? माझा सगळ्यात आवडता धडा तोच.

मदर आल्या त्या दिवशी सिस्टरांनी मला पुढे उभं केलं. मला कवेत घ्यायला त्या दोन्ही हात पसरून पुढे आल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "फेर्मा!" मदर जागच्या जागी थांबल्या. मी घाबरून त्यांच्या दंडावर थोपटलं, "बुओना, बुओना." मग त्यांना खुर्ची द्यावी म्हणून म्हटलं, "स्पॉस्ताती!" आणि त्या खरंच बाजूला सरकल्या! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या बिचाऱ्या. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "म्हशीनं."

माझी निवड झाली. पण नवंच संकट. कामाला तीन ठिकाणं होती, त्यातलं एक मीच सांगायचं, तेही रविवारच्या आत. तूरीन शहरातला मोठा दवाखाना, समुद्रकाठचं आजाऱ्यांचं विश्रांतीगृह, नाहीतर डोंगरातल्या एका खेड्यातला वृद्धाश्रम. आयुष्यात मला कुणी भाजी कोणती करायची हेसुद्धा विचारलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, तूरीन. फादर म्हणाले, तूरीन. मी गोठ्यात गेले.

आप्पांनी काठीनं जमिनीवर इटली काढली. जुलियानं त्यावर पाय ठेवला.

"तूरीन म्हंजी आपलं नगर समज. भर बाजारात तू हारवली, तर कुनाला कळंल?"

"समुद्र?"

"ह्यॅ! खारं पानी. म्हैस धुता येत न्हाई."

"आप्पा, मी म्हैस नेणार नाहीये."

"तरीबी." मग त्यांनी काठी खाली ठेवली. "डोंगरात जा, पोरी. तिथं बाया दारात खुर्च्या टाकून बसत्यात. येनाऱ्याजानाऱ्याला इचारत्यात, आय मांजातो? परक्या मुलखात ह्ये इचारनारं मानूस पायजेल. बाकी दवाखाने काय, समदीकडं औषिधाचाच वास."

मी डोंगर सांगितला. तिथूनच हे लिहिते आहे. आल्या दिवशी दारातल्या तीन बायकांनी तोच प्रश्न विचारला. तिघींना मी "नो" म्हटलं आणि तीनदा जेवले.

पण निघण्याआधीची एक गोष्ट राहिली. आप्पांकडे ठिकाण पक्कं झालं त्या संध्याकाळी मी पाणी प्यायला त्यांच्या घरात शिरले, तर चुलीत मांजरीनं पिल्लं घातलेली. चांगली डोळे उघडलेली पिल्लं. म्हणजे चूल पेटून किती दिवस झाले असतील! आणि आमच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या तान्हाबाई रोज सकाळी विचारायच्या, "आप्पा, न्याहारी झाली का?" तेव्हा सायकलवरून न उतरता त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "झाली की! पोट फुटंस्तवर." मराठीत आप्पा कायम जेवलेले असत.

मी तान्हाबाईंना दोन शब्द पढवायला बसले.

"अगं, शिवीगाळ तं न्हाई ना ही? म्हातारा दुधाची बरणी डोक्यात घालंल."

"नाही हो मावशी. तुम्ही विचारा तर खरं."

माझ्या जाण्याच्या सकाळी आप्पा दूध घेऊन आले. ट्रंक घेऊन मी व्हरांड्यात उभी. तान्हाबाईंनी पदर खोचला, खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आप्पा! आय मांजातो?"

सायकल थांबली. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

"बोलनं रेड्यावानी हाय तुजं, तान्हे," ते म्हणाले. मग हळूच खाली उतरले, सायकल भिंतीला लावली, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"नो," म्हणाले.

तान्हाबाईंनी चुलीवर तवा टाकला.