पोळ्यांच्या डब्यातले मोबाईल

साठी उलटलेल्या एका बाईनं भर रस्त्यात उभं राहून धडधाकट पुरुषांचे मोबाईल काढून घ्यावेत आणि त्यांनी ते मुकाट्यानं द्यावेत, असं दृश्य कुणाला बघायचं असेल, तर त्यानं सकाळी आमच्या बाजव्याच्या नाक्यावर यावं. नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीची बस तिथं थांबते. बसच्या दाराशी प्रमिलाकाकू अहिरराव उभ्या असतात, हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन. "चालो, उतारो!" म्हणजे फोन काढा, असं त्या ओरडतात आणि एकेक जण खिशातला फोन डब्यात ठेवून पायरी चढतो. मागे एकदा बसवर नवा ड्रायव्हर आला होता. त्याला वाटलं, देवळासाठी वर्गणी चालली आहे. त्यानं डब्यात दहाचं नाणं टाकलं. काकूंनी ते ठेवून घेतलं आणि वर विचारलं, "अने फोन?"

काकू माझ्या शेजारच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, राहतात. एकट्याच. काका नंदेसरीलाच ऑपरेटर होते, त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आसपासचे गुजराती लोक काकूंना तोंडावर प्रमिलाबेन म्हणतात आणि पाठीमागे कस्टम ऑफिसर. काकूंना दोन्ही नावं ठाऊक आहेत आणि दुसरं जास्त आवडतं.

या वसुलीला कारण झाली रोशनी, आमच्या मागच्या ओळीतल्या संजय पाटलाची मुलगी. संजय धुळ्याकडचा, त्याच कंपनीत हेल्पर. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. आणि शाळेतले सर फळ्यावर लिहायचे कमी आणि "ग्रुप पर मूकी दीधुं छे", ग्रुपवर टाकलंय, म्हणायचे जास्त. लेसन ग्रुपवर, नोट्स ग्रुपवर, सरावाच्या चाचण्या ग्रुपवर. रात्री बाप घरी आला की फोनची बॅटरी मेलेली असायची आणि बापाचीही. रोशनी नववीतून कशीबशी वर ढकलली गेली. संजय म्हणाला, बस झालं, दहावीला बसवून फजिती कशाला? घरात राहील, आईला हातभार लावील.

हे काकूंनी नळावर ऐकलं. संध्याकाळी त्यांनी संजयला बसमधून उतरतानाच पकडलं.

"फोन आत नेऊ देतात का रे?"

"नाही काकू. केमिकलचा प्लांट. गेटवर लॉकरमध्ये टाकावा लागतो."

"मग दिवसभर तिथं काय करतो तो?"

"काय करणार? पडलेला असतो."

"म्हणजे तुझी पोरगी इथे नापास होते आणि तुझा फोन तिथे गेटवर झोपा काढतो! उद्या तो माझ्याकडे मूकून जायचा. बायकोकडे नको, मेहुणा उचलून नेईल. माझ्याकडे."

संजय एकटा नव्हता. बसमधल्या निम्म्या लोकांची पोरं त्याच शाळांत आणि त्याच ग्रुपांवर होती. बसमध्ये रील्स बघायला मिळणार नाहीत म्हणून पुरुषांनी आठवडाभर कुरकुर केली. पण बायका एकजात काकूंच्या बाजूच्या. मग काय करतील बिचारे!

तेव्हापासून काकूंचा ओटला म्हणजे एक शाळाच झाली आहे. सकाळी दुपारच्या शाळेची पोरं, दुपारी सकाळच्या शाळेची. प्रत्येकानं आपल्या बापाचा फोन घ्यायचा आणि मांडी घालून बसायचं. काकूंना स्मार्टफोनमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा आहे. पण पोरांकडे बघायची त्यांची एक रीत आहे. त्या स्क्रीन बघत नाहीत, अंगठा बघतात. अंगठा भराभर वर सरकला की डोक्यात टपली. "गणित असं पळत नाही रे, रील पळतं!" आजवर त्यांची एकही टपली चुकीच्या डोक्यात बसलेली नाही.

फोनला कुलूप असलं की काकू तो स्वीकारत नाहीत. "कुलूपवाला माल घेत नाही," म्हणतात. त्यामुळे ज्यांच्या फोनमध्ये नको ते होतं, त्यांनी ते काढून टाकलं आणि एकदोघांनी तर खबरदारी म्हणून भजनाची रिंगटोन लावली. आमच्या भागात इतकं पावित्र्य मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि फोन वाजला की काकू उचलतात. कुणाचाही असो, कसलाही असो. क्रेडिट कार्डवाल्या मुलीला त्यांनी घरी चहाला बोलावलं. काका वारले असं सांगून सुट्टी घेतलेल्या, पण पोराच्या अभ्यासासाठी फोन ओटल्यावर पाठवलेल्या एका बहाद्दराच्या सुपरवायझरला त्यांनी निष्पापपणे सांगितलं, "त्याचे काका? ते तर आत्ताच कोथिंबीर घेऊन गेले समोरून." एका अविवाहित ऑपरेटरच्या फोनवर 'जानू' असं नाव झळकलं, तर काकू म्हणाल्या, "जानू, तो प्लांटमध्ये आहे. तू बोल. शिक्षण किती झालंय तुझं?" जानूचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलेलं निघालं. ते तिनं पुरं करावं म्हणून काकू अजून तिच्या मागे आहेत.

मी एकदा म्हटलंही, "वाजू द्या की काकू. लोकांचे फोन, आपल्याला कशाला मगजमारी?"

"वाजला की उचलायचा," एवढंच म्हणून त्या शेंगा सोलत राहिल्या.

सगळं सुरळीत चाललेलं असताना दिवाळीनंतर तो घोटाळा झाला. रोशनीला विज्ञानात एक प्रश्न अडला. तिनं सरांच्या ग्रुपवर विचारायला म्हणून लिहिलं, "ॲसिड पाण्यात घालायचं की पाणी ॲसिडमध्ये? लवकर सांगा." आणि पाठवलं ते बापाच्या प्लांटच्या ग्रुपवर. बापाच्या फोनवरून, बापाच्या नावानं.

ज्यांची दुपारची आणि रात्रीची पाळी होती, ते घरी मोकळेच होते. एकानं लिहिलं, "पाणी कधीच ॲसिडमध्ये नको!" दुसऱ्यानं आपल्या भाजलेल्या हाताचा फोटो टाकला. तिसरा म्हणाला, "पहिले गॉगल घाल." आणि सुट्टीवर असलेल्या शिफ्ट इंजिनीअरचा मेसेज आला, "संजय, कुठल्या टाकीपाशी आहेस? काही उघडू नकोस!" पाठोपाठ त्याचा फोन. तो अर्थात काकूंनी उचलला.

"संजय तुमच्याच प्लांटमध्ये आहे, सुखरूप आहे. प्रश्न पोरीचा आहे, दहावीचा. तुम्ही इंजिनीअर ना? मग सांगा उत्तर. मी स्पीकर करायला सांगते तिला."

इंजिनीअरनं बिचाऱ्यानं उत्तर समजावून सांगितलं, पण तोवर त्यानं प्लांटमध्येही कळवलं होतं. फोन आत नेला असेल म्हणून तिकडे संजयला चारचौघांत झडती द्यावी लागली. तो घरी आला तो तापलेला. उद्यापासून फोन नाही आणि शाळाही नाही, असं त्यानं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं. रोशनी रात्रभर रडली, असं तिची आई सांगत होती.

सकाळी काकू नाक्यावर हजर. संजय खिशावर हात दाबून आला. काकू बसच्या पायरीवर चढून दारातच उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा काकू. नाही देणार."

"नको देऊस. मला घाई नाही."

ड्रायव्हरनं हॉर्न मारला, काकू हलल्या नाहीत. उशीर झाला तर सगळ्यांचीच हजेरी कापली जाणार. आतून एक आवाज आला, "आपी दे ने यार!" मग दुसरा, मग सगळी बसच. संजयनं फोन डब्यात आदळला. "आणि शाळा?" काकूंनी विचारलं. "जाऊ दे तिला शाळेत!" तो ओरडला. काकू खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चालो, मोडुं थाय छे." जणू उशीर त्यानंच केला होता.

रोशनीनं परीक्षेत त्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात 'प्रथम गॉगल घालावा' अशी केली, असं तिनंच मला सांगितलं.

निकाल लागला त्या सकाळी मी ऑफिसला निघत होतो. ओटल्यावर एकच आरडाओरडा झाला. रोशनी पास झाली होती, विज्ञानात तर वर्गात पहिल्या पाचांत. पोरं नाचत होती. ती मात्र बापाचा फोन हातात धरून उभी होती. "पप्पांना कसं सांगू?" फोन तिच्याकडे आणि पप्पा आत.

"संध्याकाळी येतीलच की घरी," मी म्हटलं. "तेव्हा सांग."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी पण असंच म्हटलं होतं, विनू," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकीचा, सुषमाचा नाशिकहून फोन आला होता, तिला दिवस गेलेत म्हणून. मी लगेच यांना लावला. तो तिकडे गेटवर वाजत राहिला. म्हटलं जाऊ दे, संध्याकाळी येतीलच, तोंड बघून सांगू. आजोबा होणार आहात म्हणून." त्यांनी पदर खोचला. "दुपारी आत छातीत दुखलं त्यांना. संध्याकाळी कंपनीची माणसं आली. गाडी काढ."

मी गाडी काढली. ऑफिसला उशीर होईल हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बेन, शिफ्ट छूटे त्यारे मळजो." शिफ्ट सुटल्यावर भेटा म्हणे. काकू म्हणाल्या, "भाई, अमे अहींथी खसवाना नथी." इथून हलणार नाही म्हणणारी ही बाई म्हणजे बस अडवणारीच, हे त्या वॉचमनला कुणीतरी आधीच सांगितलेलं असावं. त्यानं आत निरोप धाडला.

संजय पळतच आला. पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, चेहरा पांढराफटक. गेटवर घरची माणसं आली की काय बातमी असते, ते तिथं प्रत्येकाला माहीत असतं. "काय झालं? कुणाला काय झालं?" तो लांबूनच ओरडत होता. काकूंनी रोशनीला पुढे ढकललं.

"पप्पा, मी पास झाले."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग तो तिथंच कठड्यावर बसला आणि गॉगल न काढताच रडायला लागला. रोशनी त्याच्याजवळ बसली. वॉचमन रजिस्टरमध्ये उगाच काहीतरी लिहू लागला. मलाही कुठं बघावं ते कळेना.

"चल, ऊठ आता," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या. "जा आत, शिफ्ट पुरी कर. आणि संध्याकाळी नीट घरी ये."

तो मान हलवून आत गेला. प्लांटच्या पत्र्यामागे तो दिसेनासा झाला तरी काकू गेटच्या दांड्याला धरून तशाच उभ्या होत्या. रोशनी मागच्या सीटवर बसली. मी गाडी चालू करून थांबलो, हॉर्न मात्र वाजवला नाही.