सवलतीचं पोतं

विश्वनाथअप्पा मोटारसायकलींच्या शर्यतींचे एवढे वेडे, की त्यापायी त्यांनी आमच्या दूध संस्थेच्या ऑफिसात भांडून टीव्ही बसवून घेतला. आणि शर्यत सुरू झाली रे झाली, की तो ते स्वतःच्या हातानं बंद करायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लाइट गेली. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या ओळीत उभ्या, इंजिनं नुसती डरकाळ्या फोडतायत, लाल दिवे लागले, विझले, सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या आणि खट्! अप्पांनी बटण दाबलं न् मला म्हणाले, "चल बे टेस्टर, फॅट काढ."

"अहो अप्पा, कोण जिंकलं ते तर बघू द्या!"

"जिंकंल कुनीतरी. आपल्याला काय करायचंय? कोन कोन आलंय ते बगितलं न्हवं? झालं मंग."

आता या माणसाला काय म्हणावं? लोक शर्यत बघतात ती जिंकणाऱ्यासाठी. हे हजेरी घेण्यासाठी बघायचे. कोणती कंपनी उतरली, कोणती घरी बसली, आणि कोणत्या नियमापायी बसली, एवढंच यांचं वेड. शर्यतीआधी गाड्या जिथं ओळीनं उभ्या राहतात त्या जागेला ग्रिड म्हणतात. "ग्रिड रिकामी पडू ने," हे अप्पांचं पालुपद. लग्नाला गेले तरी तेच. जेवण कसं होतं विचारलं तर सांगता यायचं नाही, पण कोणत्या भावकीतलं कोण आलं नाही आणि कावून आलं नाही, हे तोंडपाठ.

अप्पा आमच्या संस्थेचे सचिव. केजच्या बाजूला आमचं गाव. अप्पांचं घराणं व्यापारातलं, कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा आणि खिशाला कायम दोन पेनं. बायको वारलेली, मुलं पुण्याला. घरी जायची घाई त्यांना कधी नसायची. मी संस्थेचा टेस्टर, म्हणजे दुधात फॅट किती ते मोजून भाव ठरवणारा आणि त्यापायी सगळ्या गावाच्या शिव्या खाणारा.

युरोपातली दुपारची शर्यत आपल्याकडं रविवारी संध्याकाळी दिसते, म्हणजे ऐन दूध घालायच्या वेळी. त्यामुळं किटल्या घेऊन आलेल्या बायाही टीव्हीपुढं थांबायच्या. कंपन्यांची नावं कोण लक्षात ठेवतंय? अप्पांनी रंग शिकवले होते. लाल ते इटलीचे, नारिंगी ऑस्ट्रियाचे, निळे जपानचे. निळ्यांत दोन कंपन्या होत्या, त्यातली एक सोडून गेली, तर आमच्या सोजरबाईनं हळहळून विचारलं, "ते दुसरे निळे आता येनारच न्हाईत का वो अप्पा?"

"न्हाई बाई. उठले पंगतीतून."

"कुनी काय बोललं का त्यास्नी?"

सोजरबाई म्हणजे एकटी बाई, एक गावरान गाय आणि तांब्याभर दूध. अप्पा तिलाही सगळं समजावून सांगायचे. फार पूर्वी नियमवाल्यांनी ठरवलं, इंजिनात इतकेच सिलिंडर पाहिजेत. झालं, जपानच्या कंपन्या रुसून एकामागं एक निघून गेल्या. पुढं कधीतरी परत आल्या. मग टू-स्ट्रोक इंजिन गेलं न् फोर-स्ट्रोक आलं. मग इंजिन लहान केलं, मग परत मोठं केलं. "नव्या सुनंनं मांडनी बदलावी तसं चाललंय त्यांचं," अप्पा म्हणायचे. पण एका नियमावर मात्र त्यांचा भारी जीव. जी कंपनी मागं पडली तिला सवलत. जास्तीचं इंजिन, जास्तीचा सराव, कधी जास्तीचं पेट्रोल. पुढच्याला यातलं काही नाही.

"हरनाऱ्याला जास्त पेट्रोल! आपल्याकडं सुचलं का कुनाला?" असं म्हणून ते मांडीवर थाप मारायचे.

आम्ही माना डोलवायचो. ते खूळ एक दिवस आमच्याच दारात येऊन उभं राहील, असं कुणाला वाटलं होतं?

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरी आधी गेल्या, मग बोअर गेले. कडबा मिळेना. लोक जनावरं बाजाराला न्यायला लागले आणि संस्थेतली रांग रोज आखूड व्हायला लागली. त्यात चौकात एका खाजगी डेअरीची गाडी उभी राहायला लागली. ती फॅटची कटकट करायची नाही, रोख द्यायची. तालुका संघाच्या गाडीचा ड्रायव्हर मला म्हणाला, "अजून एक-दोन कॅन कमी झाले, तर तुमच्या गावचा फेरा बंद. मंग संस्था कशाला ठिवता?" हे ऐकल्यापासून अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

संस्था सभासदांना जनावरांच्या पेंडीची पोती देते. पहिल्यापासूनची पद्धत अशी, की ज्याचं दूध जास्त त्याला पोती जास्त. अप्पांनी सभा बोलावली न् ठराव मांडला. औंदा उलटं. ज्याचं दूध जास्त आटलं त्याला पोतं आधी. जो पुढं आहे त्याला औंदा पोतं नाही.

सभेत सगळ्यात पुढं बसले होते दत्तारावमालक. गावातले मोठे बागायतदार, गोठ्यात जर्सी गाईंची रांग. संस्थेचे निम्मे कॅन एकट्या त्यांच्या दुधाचे. आणि अप्पांचे बालमित्र. गावात पहिली मोटारसायकल त्यांनीच आणली होती, टू-स्ट्रोक, धूर सोडणारी. तिच्यावर बसून दोघं धर्मापुरीच्या देवळापर्यंत जायचे. शर्यतींचं वेडही अप्पांना त्यांनीच लावलं. मालक जपानवाल्यांचे कट्टर भक्त. तरुणपणापासून दोघांचा रोज वाद, कोण आलं, कोण गेलं, का गेलं. त्यापायी मालक रोज संस्थेत येऊन बसायचे, आणि नियमांची बातमी त्यांना अप्पांकडूनच कळायची. त्या वादापुढं बाकी गावानं तोंड उघडायचं नाही.

मालक उठले. "म्हंजी आमी पुढं हाव ही आमची चूक का?"

"चूक न्हाई दत्ता. पर ग्रिड रिकामी पडायलीय."

"घाल चुलीत तुजी ग्रिड! निम्मं दूध माजं, आन पोतं सोजरबाईला?"

"तुजी जनावरं जगत्याल. तिची गाय मरंल."

"काढ माजं नाव."

आणि मालक गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे कॅन चौकातल्या खाजगी गाडीत चढले. मी अप्पांवर चिडलोच. म्हटलं, "तुम्हीच सांगत होता ना, नियम बदलला की कंपन्या रुसून जातात? मग कशाला घेतलं हे अंगावर? जा, घ्या ठराव मागं."

"हंगाम चालू आसताना नियम बदलत न्हाईत," अप्पा म्हणाले. असलं डोकं! कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी होतं.

संघाची गाडी बंद झाली. व्हायचीच होती. मग अप्पांनी काय करावं? उरलेलं दूध एका कॅनमध्ये भरून, तो कॅन दोन पायांत धरून, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून रोज स्वतः केजला संघात. जीपवाला मागं कोंबायचा, माणसं नाकं मुरडायची, हे कॅनवर हात ठेवून गप. संस्था बंद पडली नाही, एवढंच. पण अप्पांचं बोलणं आटलं. टीव्ही लावायचे, गाड्या बघायचे, बंद करायचे. नियम समजावून सांगणं नाही की वाद नाही. वाद घालायचा कुणाशी? आम्ही तर हो ला हो करणारे.

इकडं मालकांच्या बोअरनं दगा दिला. जर्सी गाईला पाणी किती लागतं ते पाळणाऱ्यालाच माहीत. आधी दोन विकल्या, मग चार, मग टेम्पोच दारात आला. दूध आटलं तशी खाजगी गाडीही चौकात यायची बंद झाली. तिचं गावाशी काय नातं?

एका संध्याकाळी मी फॅट काढत होतो. बाहेर बघतो तर लिंबाखाली दत्तारावमालक उभे. हातात किटली, तिच्यावर टॉवेल टाकलेला. ज्यांचे कॅन ट्रॅक्टरमधून यायचे, त्या माणसाच्या हातात किटली! अप्पांनीही बघितलं, पण हाक मारली नाही. मान खाली घालून दूध मोजत राहिले. शेवटी सोजरबाईच ओरडली, "तितं कावून उभं ऱ्हायलात मालक? या की पुढं, लाइन हाय का काय!"

मालक पुढं आले. मी फॅट काढली, दूध चांगलं होतं. किटली रिकामी करून ते वळले, तोवर अप्पांनी आतून पेंडीचं पोतं ओढत आणून त्यांच्या पायाशी टाकलं.

"हे काय?"

"तुजं पोतं. सगळ्यात जास्त दूध तुजंच आटलंय."

मालकांचा चेहरा लाल झाला. "भीक नगं मला."

"भीक कसली बे? सवलत हाय. जपानवाले घेत्यात की आता."

मालक थबकले. "कोन जपानवाले?"

"आपलेच. इतकी वर्सं जिंकले ते. मागं पडले, आता सवलतीत गेले. जास्तीची इंजिनं घेत्यात, सराव करत्यात. लाज न्हाई वाटत त्यांला."

"खोटं बोलायलास इसनाथ."

"आयशप्पत."

मालक पोत्यावरच बसले. मग एकदम उसळून म्हणाले, "जपानवाले सवलतीत गेले आन तू मला सांगितलं न्हाईस? कवाचं झालं हे?"

"तू यायचा बंद झाल्यावर."

"मंग घरी यायचं न्हाई का सांगायला? चार घरं टाकून तर घर हाय!"

"तू पुढं व्हतास," अप्पा म्हणाले. "पुढच्याला कसं बोलवायचं? तेला वाटंल, दुधासाटी आला." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. सगळ्या बायामाणसांसमोर, लाज न बाळगता म्हणाले, "लई एकटं वाटलं बे दत्ता. लई वाईट गेलं वरीस."

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. मालक उठले, पोत्याचं एक टोक धरलं आणि खेकसले, "बगतूस काय? धर तिकडून."

मी हात लावायला गेलो, तर दोघंही माझ्यावरच ओरडले. मग दोन म्हातारे एक पोतं घेऊन आळीनं निघाले. दहा पावलं गेले की पोतं खाली ठेवायचे. दम लागला म्हणावं, तर दोघांचंही तोंड एक क्षण बंद नव्हतं. मालक हातवारे करून काहीतरी विचारत होते, अप्पा बोटांवर मोजून सांगत होते. चार घरांच्या वाटेला त्यांना अंधार पडला, आणि इकडं सगळ्यांचं दूध मी एकट्यानं घालून घेतलं.