पाध्यांचा लाल दोरा

"पाध्ये, येता का चहाला?" असं कुणी विचारलं की आमचे पाध्ये म्हणत, "चहा हे एक काम नव्हे हो. तो कामांचा गठ्ठा आहे. आधी फोडा." मग उठणं, ड्रॉवरला कुलूप घालणं, कँटीनपर्यंत जाणं, असं सगळं फोडून होईपर्यंत कँटीनवाला कप विसळायला घेई.

मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात पाध्ये प्लॅनिंगला होते आणि मी स्टोअर्सला. शिवाय डोंबिवलीत राहायला एकाच इमारतीत, त्यामुळे मला त्यांच्यापासून सुट्टी अशी नव्हतीच. कंपनीत कॉम्प्युटर यायला अजून अवकाश होता. पाध्यांच्या टेबलामागे भिंतभर बोर्ड असे. मोठी ऑर्डर आली की तिची लहान लहान कामं करून ते एकेक काम पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहीत आणि टाचण्यांना दोरा बांधून कार्डं जोडत. पांढरा दोरा म्हणजे दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे. लाल दोरा म्हणजे पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. काम झालं की ते स्वतः गाठ सोडत. दोरा कापलेला त्यांना मुळीच खपत नसे. "कापलं म्हणजे काम संपवलं नाही, टाळलं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

ऑफिसात हे चालून जाई. पण सोसायटीने पाण्याची टाकी धुवायचं काम त्यांच्याकडे दिलं आणि जिन्याखाली बोर्ड लागला. टाकी धुऊन लख्ख झाली. मात्र 'सेक्रेटरींनी टाकी तपासणे' आणि 'पाणी सोडणे' यांच्यामध्ये लाल दोरा होता, आणि सेक्रेटरी आंबिवलीला सासुरवाडीला गेले होते. पाध्ये पंपाच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसले. भोवती बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या.

"अहो, टाकी मी बघून आलोय ना!" मी म्हणालो.

"तुम्ही सेक्रेटरी आहात का? मग दोरा कसा सुटेल?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी शिवणाची कात्री घेऊन खाली आल्या. कुणाशी न बोलता त्यांनी लाल दोरा कचकन कापला. "सुटला. आता पंप लावा, घरात प्यायला थेंब नाही." पाध्ये त्यानंतर बरेच दिवस घुश्श्यात होते, पण पंप त्यांनीच लावला. या माणसाचा संसार चालतो कसा, हे कोडं मला त्या दिवशी उलगडलं.

पुढे वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर हात येईलही. "नाही यायचा तो," एवढंच म्हणून वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शिवणाच्या मशीनवर चादर पडली.

मी भेटायला गेलो, तर पाध्ये पलंगासमोर बोर्ड ठोकत होते. मला हसू नाही, राग आला. अशा वेळीही या माणसाला दोरेच सुचावेत! मी कार्डं वाचली. बोट हलवणे. चमचा धरणे. चिमटीत वाटाणा उचलणे. सगळी लाल दोऱ्याने जोडलेली.

"आणि शेवटचं काम?" मी जरा तिरकसपणेच विचारलं.

"दोरा कापणे," पाध्ये म्हणाले. "तिच्या हाताने. तिच्याच कात्रीने."

मी पुढे होऊन बोर्डाची दुसरी बाजू धरली.

पावसाळा सरला, थंडी गेली. गाठी सुटत होत्या, काही सोडून पुन्हा बांधाव्या लागत होत्या. वाटाण्याच्या कामात तर पाध्ये कित्येकदा पलंगाखाली रांगताना मी पाहिले आहेत. "येतंय हो, येतंय," असं म्हणत ते धुळीने माखून बाहेर येत, आणि तेव्हा वहिनी क्वचित हसत.

मग एका रविवारी पाध्ये मला बोलवायला आले. बोर्डावर दोनच कार्डं होती, मध्ये लाल दोरा. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या आणि उजव्या हातातली कात्री थरथरत होती. पहिल्यांदा दोरा पात्यांतून निसटला.

"सैल आहे. ताणून धरा ना जरा," वहिनी म्हणाल्या.

आणि दोरा कापलेला न खपणाऱ्या पाध्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून धरला. कात्री हळूहळू मिटली. दोरा तुटला.

वहिनींनी कात्री मांडीवर ठेवली. पाध्ये मात्र दोन्ही टोकं जुळवून गाठ मारू लागले.

"अहो, हे काय आता?"

"पुन्हा काप," पाध्ये म्हणाले. त्यांचे डोळे भरून वाहत होते. "मला नीट दिसलं नाही."