नलूताई रजा देत नाहीत

आमच्या नलूताईंकडे रजा मागायला जाताना घरूनच रडून जावं, असं कंपनीत नव्या माणसाला सांगतात. तिथं गेल्यावर रडू येतंच, पण तोवर उशीर झालेला असतो.

अमेरिकेत श्रूजबरीजवळ आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी पंप बनवते आणि नलूताई तिथल्या एचआरच्या प्रमुख. मूळच्या अकोल्याच्या. नवरा डॉक्टर होता, तो काही वर्षांपूर्वी गेला. मुलगा दूर सिएटलला. एवढीशी बाई, खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नाहीत. पण समोरचा सहाफुटी अमेरिकन शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा राहतो.

रजेचा अर्ज कंप्यूटरवर करता येतो. तो गेला रे गेला की फोन वाजतो. "काहून?" मराठी माणसाला 'काहून', बाकीच्यांना 'व्हाय', सूर एकच.

भाचीच्या लग्नासाठी मी आठवडा मागितला.

"काहून? लग्न तुमचं आहे का?"

"नाही हो, पण मी मामा आहे."

"मामाचं काम दहा मिनिटांचं, राजाभाऊ. पोरीला बोहल्यापाशी आणायचं अन् बाजूला व्हायचं."

शेवटी तीनेक दिवस मिळाले, तेही भाचीचा फोटो त्यांना आवडला म्हणून. आमच्या माइकनं कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली, तर त्यांनी कुत्राच बघायला मागितला. त्यानं आणला! नलूताईंनी त्याचे कान तपासले, बिस्किट घातलं आणि अर्धा दिवस मंजूर केला. कुत्र्याला. माइकला कामावर बसवलं.

स्वतः मात्र त्यांनी कधी रजा घेतल्याचं कुणाला आठवत नाही. बर्फानं सगळं गाव घरात बसलेलं असतं, तेव्हाही यांच्या खोलीत दिवा. "नलूताई, घरी काय वाघ आहे का?" मी एकदा विचारलं.

"आता नाही," त्या म्हणाल्या. विनोद चांगला होता. मी पुष्कळांना सांगितला.

अशा या चिक्कू बाईनं एका रजेसाठी मात्र मालकाशी भांडण मांडलं होतं. घरात मारहाण होणाऱ्या माणसाला कोर्टात जायला, घर सोडायला आमच्या राज्यात रजा द्यावी लागते. पण ती पगारी की बिनपगारी, हे कंपनी ठरवते. मालक म्हणाला बिनपगारी. नलूताई म्हणाल्या, "अरे बावा, पगार कापला की घरी कळते ना!" हे वाक्य त्याला इंग्रजीत इतक्या वेळा ऐकावं लागलं, की शेवटी त्यानं सही केली. ही रजा मागणाऱ्याला त्या 'काहून' विचारत नाहीत. पुरावाही मागत नाहीत.

एका मंगळवारी टेस्टिंगमधली केतकी याच रजेवर होती. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. तिचा नवरा आमोद म्हणजे मराठी मंडळाचा लाडका निवेदक. गोरागोमटा, हसरा, कुणाच्याही खुर्च्या उचलायला पुढे. जावई हवा तर असा, असं अर्ध्या मंडळाचं मत. सकाळी त्यानंच केतकीला गाडीनं कंपनीच्या दारात सोडलं होतं. मागच्या दारानं नलूताईंनी तिला टॅक्सीत बसवून कोर्टात धाडलं. कोर्टातून तिला पोलिसाला बरोबर घेऊन घरी जायचं होतं. पासपोर्ट, कपडे आणि आईचे फोटो घ्यायचे होते. तेवढा वेळ आमोद घरी असता कामा नये, एवढंच.

पण आमच्या मंडळाची माया मोठी. कुणी आजारी पडलं की घरोघरच्या डब्यांची पाळी लागते. अकाउंट्समधल्या वर्षाला केतकीची रिकामी खुर्ची दिसली आणि तिनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'केतकी रजेवर दिसतेय. बरं नाही वाटतं. आज डबा कोण नेणार?' ग्रुपवर आमोदही होता.

थोड्याच वेळात तो रिसेप्शनला हजर. मी तिथंच कॉफी घेत होतो. त्याला बघून नलूताई बाहेर आल्या.

"काकू, केतकी रजेवर आहे म्हणे?"

"रजेवर? माझ्या राज्यात? काहून?"

"वर्षानं लिहिलंय."

"त्या वर्षालाच रजा पाहिजे, म्हणून तिले सगळे रजेवर दिसतात. केतकी आत टेस्टिंगला आहे. तिथं फोन नेता येत नाही."

आमोद मनमोकळं हसला. नलूताई रजा देत नाहीत, हे साऱ्या मंडळाला पाठ होतं. "बरं, मग मी जातो घरी."

"बस ना बावा! चहा घे. यंदा कंपनीत दिवाळी करायची म्हणते मी. निवेदन तूच कर."

माझ्या हातून कॉफी सांडायचीच राहिली. कामाच्या वेळात पणती लावू न देणारी बाई दिवाळी करणार?

"अन् राजाभाऊ, तुमचे ते मंडळाच्या नाटकांचे किस्से सांगा याला. सगळे."

सगळे! जन्मात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्ची ओढली. पडदा अडकला तो किस्सा, राजाची मिशी राणीच्या गालाला चिकटली तो किस्सा, नकला, हातवारे, गाण्यांसकट. आमोद टाळ्या देत होता. नलूताई पुन्हा पुन्हा चहा ओतत होत्या आणि मधेच एकदा आत जाऊन कुणाला तरी फोन करून आल्या. मला वाटलं, दिवाळीचंच काहीतरी.

मग दारातून एक पोलीस आला. त्यानं आमोदचं नाव विचारलं आणि न्यायाधीशाचा हुकूम हातात दिला. केतकीच्या जवळपास फिरकायचं नाही.

"काका, काहीतरी गैरसमज झालाय," आमोद मला म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं. मग त्यानं नलूताईंकडे पाहिलं, तेव्हाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. नलूताई किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पोलीस त्याला बाहेर घेऊन गेला.

नंतर पँट्रीत त्या कप विसळत होत्या. मी तिथं घुटमळलो.

"नलूताई, पण... आमोद? इतका चांगला मुलगा हो!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "आमचे डॉक्टर गेले, तेव्हा मंडळाच्या शोकसभेत तुम्हीच बोलले होते ना?"

"हो."

"मस्त बोलले. ते कसे सगळ्यांना हसवत, कोणाच्याही अडचणीला कसे धावून जात. पूर्ण हॉल रडत होता."

"तुम्हीही रडलात."

"रडली ना," त्या म्हणाल्या. "ऐकता ऐकता वाटलं, असा माणूस मले मिळाला असता तर."

त्यांनी नळ बंद केला आणि कप एकेक करून पालथे घातले.