चाळीस नंबरचा शनी

दुर्बीण बाल्कनीत गेली आणि शिलाई मशीन आत आलं. दोन्हींना तिथे जागा नव्हती. चष्मेवाल्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची, आणि घरातला चांगला उजेड तेवढा बाल्कनीतच पडायचा.

"दुकानदार सात दिवसांत परत घेतो ना?" ती म्हणाली. "तेवढ्यात मला शनीची कडी दाखवा. दिसली तर ही राहील. नाही दिसली तर माझं मशीन आपल्या जागेवर."

"सात दिवस कशाला? आजच दाखवतो."

दुर्बिणीच्या दुकानदाराने त्याला बरंच समजावलं होतं. "पहिलीच आहे, साहेब. पाच इंची तोंडाची घ्या. सहज उचलाल."

"मला उचलायची नाही, बघायची आहे," असं म्हणत त्याने आठ इंची घेतली. उभी केली की ती बायकोच्या खांद्याला लागायची. सोबत डोळ्याशी लावायची दोन भिंगं निवडायची होती. दुकानदार त्यांना आयपीस म्हणत होता. काचेच्या पेटीत सहा, नऊ, पंचवीस, बत्तीस, चाळीस असे आकडे ओळीने बसले होते.

"शनीसाठी नऊचा..."

"अहो, भिंगांचं मला सांगू नका. पंचवीस वर्षं चष्मे विकतोय. नंबर जेवढा मोठा, तेवढं भिंग तगडं. बत्तीस आणि चाळीस बांधा."

दुकानदाराने नऊचं परत पेटीत ठेवलं आणि ती दोन बांधून दिली.

दिवे लागले, आभाळ निवळलं, शनी समोरच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला. चष्मेवाल्याने चाळीसचं भिंग लावून बायकोला हाक मारली. तिने हात पुसले, एक डोळा मिटला.

"दिसला?"

"तीळ दिसतोय."

"तीळ नाही, शनी आहे तो!"

"मग कडी कुठंय?"

त्याने वाकून पाहिलं. तीळच होता. फार तर जरा लांबट तीळ.

"नंबर कमी पडतोय," त्याने निदान केलं. दुसऱ्या दिवशी बत्तीसचं देऊन मुठीएवढं छप्पन्नचं भिंग आणलं. संध्याकाळी बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "तिळाची खसखस झाली."

तिसऱ्या दिवशी ढग. चौथ्या दिवशी त्याला स्वतःच्याच डोळ्यांची शंका आली. दुकानाचं शटर ओढून तो अक्षरांच्या तक्त्यासमोर बसला आणि वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत गेला. एकही चूक नाही. उठताना लक्षात आलं, की दिवा लावायचाच राहिला होता.

"काय म्हणतायत डोळे?" बायकोने विचारलं.

"डोळ्यांचं माहीत नाही. पाठांतर उत्तम आहे."

पाचव्या दिवशी दुसरं मत घ्यावं म्हणून त्याने वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकूंनी भिंगातून पाहिलं, मग नुसतं आभाळाकडे पाहिलं. "मला बाई याच्याशिवायच बरा दिसतो," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी तो भिंगं खोक्यात भरायला बसला. "देतो परत उद्या. अख्ख्या गावाला दाखवणारा मी, आणि मलाच दिसत नाही."

बायको आतल्या अंधुक उजेडात सुईत दोरा ओवत होती. तिने भिंगावरचा आकडा वाचला. "या छप्पन्नमध्ये सगळ्यात बारीक दिसला ना?"

"हो."

"आणि चाळीसमध्ये थोडा मोठा?"

"हो."

"मग खाली उतरा ना! आमच्या दोऱ्याचं तसंच असतं. साठ नंबरचा दोरा चाळीसपेक्षा बारीक. नंबर चढला की दोरा वाळत जातो."

चष्मेवाल्याने छप्पन्नचं भिंग उलटसुलट करून पाहिलं. "दुकानदार काहीतरी नऊ नऊ म्हणत होता खरा."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी त्याला भिंगं शिकवत होतो."

त्याने चप्पल घातली तशी ती उठली. "राहू द्या, मी जाते. तुम्ही गेलात तर शंभर नंबर घेऊन याल."

दिवेलागणीला नऊचं भिंग बसलं. बायको वाकली आणि वाकलेलीच राहिली. काळ्या कापडावर सोन्याचं बटण, आणि बटणाभोवती काहीही न टेकता तरंगणारी तिरपी कडी.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "एवढ्या लांबचं, आणि किती नीट बसवलंय! टाका कुठे दिसतच नाही."

"मला बघू दे."

"थांबा हो."

तो थांबला. एका पायावरून दुसऱ्या पायावर आला, परत पहिल्यावर गेला. शेवटी तिने मान वर केली.

"उद्या सातवा दिवस. परत देऊन या."

त्याने दुर्बिणीवर हात ठेवला. "अगं, पण कडी दिसली ना तुला?"

"दिसली. कडीच्या मधून एक काळी रेघ गेलीय, ती मात्र नीट कळेना. दहा इंची मिळते का विचारा. मशीन मी स्वयंपाकघरात लावते."

चष्मेवाल्याने बाल्कनी नजरेनेच मापली. दहा इंची आणि बायको, एवढ्यातच ती संपत होती.

"मग मी कुठे उभा राहू?"

ती पुन्हा भिंगावर वाकली होती. "तुम्ही आत बसा निवांत," ती म्हणाली. "काय काय दिसतंय ते मी सांगत जाईन."