सरड्याने कॅमेरा घेतला

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा फोटो निघाल्याशिवाय शिकारीला तोंड लावत नसे, एक सरडा राहत होता. त्याचे नाव रंगनाथ. मुलांनो, नाव लक्षात ठेवा. पुन्हा सांगणार नाही.

रंगनाथची बायको घारीने नेली होती. मागे एक मुलगी राहिली होती. तिचे नाव केशर. ती पिवळी होती. पान पिवळे होते ते गळायच्या आधी. केशर पिवळी होती ती हसून हसून. फांदीवर बसली की लांबून वाटे, बोरीच्या झाडाला ऊन लागले आहे.

सरड्यांत एक रीत आहे. मुलगी लग्न होऊन गेली की सासरच्या झाडाचा रंग घेते. कायमचा. मग ती बापालाही ओळखू येत नाही. बाप झाडाखाली उभा राहून हाक मारतो आणि एखादे पान ओ देते. ही रीत कोणी घातली ते कोणाला माहीत नाही. मुलग्यांना ती लागू नाही, एवढे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

केशरचे लग्न ओढ्यापलीकडच्या करंजावर ठरले. तिथी पंधरा दिवसांवर होती. करंज म्हणजे गडद हिरवा.

रंगनाथने विचार केला. मुलगी जाईल ती जाईल. तिचा रंग तरी घरात राहिला पाहिजे. म्हणजे एक फोटो पाहिजे.

शेजारच्या ढोलीत खारूताई राहत असे. तिच्याकडे एक जुना मोबाइल होता. त्याची काच दोन ठिकाणी तडकली होती.

"एवढंच ना," ती म्हणाली. "केशर, बस गं तिथं. काढते आत्ता."

"थांबा," रंगनाथ म्हणाला. "लग्नाच्या मुलीचा फोटो आहे. आधार कार्डाचा नव्हे."

"मग काय चांदीच्या डब्यात काढणार?"

"कॅमेरा घेणार. गळ्यात अडकवायचा असतो तो. लेन्सवाला."

"घ्या बापडे. पण तोवर एक काढून ठेवायला काय जातं?"

"आमच्यात असलं चालत नाही."

त्यांच्यात काय चालते हे त्यालाही नीट माहीत नव्हते. पण बोलून गेला होता. आता मागे कसे फिरणार?

रंगनाथकडे चाळीस कवड्या होत्या. त्यापुढे एकही नाही. आणि जंगलाचा एक नियम होता. जाणत्याला विचारल्याशिवाय गवताची काडीही विकत घ्यायची नाही. म्हणून तो आधी तळ्यावर बगळेसरांकडे गेला.

बगळेसर एका पायावर उभे होते. माशाचा फोटो काढण्यासाठी ते सकाळपासून तसेच उभे होते. मासा केव्हाच दुसऱ्या तळ्यात गेला होता.

"सर, नवशिक्याला कुठला कॅमेरा चांगला?"

"लेन्स तीनशेची घ्या," बगळेसर न हलता म्हणाले. "लांबचं जवळ दिसतं."

"पण सर, मुलगी माझ्या शेजारीच बसते."

"मग तिला लांब बसवा."

रंगनाथने घरी येऊन केशरला ओढ्याच्या काठावर बसवले. तिने तिथून विचारले, "बाबा, मी जेवायला कधी येऊ?" तो म्हणाला, "थांब. अंतर बघतोय." पण तीनशेच्या लेन्सला शंभर कवड्या पडत होत्या. म्हणून संध्याकाळी तिला परत बोलावले.

यात चार दिवस गेले.

मग तो वाघूळमामाकडे गेला. वाघूळमामा पिंपळाला उलटा टांगलेला असे. जगात त्याने फक्त एकच गोष्ट सरळ पाहिली होती, ती म्हणजे लेन्स.

"कोणी सांगितलं तीनशे?" तो म्हणाला. "बगळ्यानं? त्याला माशापलीकडं काय कळतं? ऐक. कॅमेरा कुठलाही घे. जुना घे, वापरलेला घे. लेन्स मात्र पन्नासची घे, एक पॉइंट आठवाली."

"त्यानं काय होतं, मामा?"

"मागचं धूसर होतं. पुढचं एक तेवढं धारदार दिसतं. मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. रंगनाथ, फोटो म्हणजे दुसरं काय असतं? मागचं धूसर."

"आणि कॅमेऱ्याबरोबर येते ती लेन्स? किटची?"

वाघूळमामाने डोळे मिटले. कोणी घरात मेल्यासारखे. "तिच्यात सगळंच दिसतं," तो म्हणाला. "पुढचं दिसतं, मागचं दिसतं. मग मोबाइल काय वाईट होता?"

हे रंगनाथला पटले. सगळेच दिसणे बरे नव्हे.

सरड्याचा एक डोळा एकीकडे बघतो आणि दुसरा दुसरीकडे, हे तुम्हाला ठाऊक असेल. रंगनाथ आता एका डोळ्याने एका कॅमेऱ्याचे चित्र बघे आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे. याचे मेगापिक्सेल जास्त होते, त्याची बॅटरी टिकाऊ होती. रात्र झाली की दोन्ही डोळे मिटत, पण वेगवेगळ्या वेळी.

त्याच सुमारास करंजावरून निरोप आला. सून घरी येईल तेव्हा अर्धी तरी हिरवी असावी. सासूबाईंना कच्चा रंग आवडत नाही.

केशर सराव करू लागली. ती शेपटीपासून हिरवी होऊ लागली.

खारूताईने हे पाहिले. ती म्हणाली, "भावजी, पोरगी कमरेपर्यंत गेली. अजून काढते म्हटलं तर निघेल."

"संशोधन चालू आहे," रंगनाथ म्हणाला.

"कशाचं?"

"बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, घेतली तर लेन्सला पुरत नाही. लेन्स घेतली तर बॉडीला पुरत नाही."

"मग दोन्ही घेऊ नका. पोरगी बघा."

तो पुन्हा चित्रांकडे वळला. त्याला राग आला होता. खरे बोलणाऱ्या शेजारणीचा राग येतोच.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा तो दुकानात गेला. दुकान खेकड्याचे होते. त्याला तिरपेशेठ म्हणत. गिऱ्हाईक आत आले की तो आधी नांगीत धरी, मग बोले.

"चाळीस कवड्या?" तिरपेशेठ म्हणाला. "चाळिसात बॅग येते."

"मला बॅग नको. कॅमेरा पाहिजे."

"सगळे तसंच म्हणतात. नंतर बॅगेसाठी रडत येतात."

बऱ्याच वेळाने तिरपेशेठने एक जुनी बॉडी काढली. ती आधी एका माकडाची होती. माकडाने तिच्यावर नारळ फोडले होते, पण फारसे नाही. तिला पन्नासची लेन्स लावली. सगळे मिळून चाळीस.

"कार्ड?" रंगनाथने विचारले.

"कार्ड वेगळं."

"त्याशिवाय फोटो निघतो का?"

"निघतो. राहत नाही."

वऱ्हाडाच्या जेवणासाठी रंगनाथने द्रोणभर माश्या जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या देऊन त्याने कार्ड घेतले. बॅटरीत दम किती, असे विचारल्यावर तिरपेशेठ म्हणाला, "एक फोटो नक्की. दुसरा नशिबावर."

"एकच पाहिजे," रंगनाथ म्हणाला.

लग्न लागले. वऱ्हाडी अर्धपोटी उठले आणि कुजबुजले. केशर बोरीच्या फांदीवर निरोपाला बसली. आता ती गळ्यापर्यंत हिरवी झाली होती. फक्त तोंड पिवळे राहिले होते. ते तिने बापासाठी धरून ठेवले होते. रंग असा धरून ठेवायला फार जोर लागतो. तिची हनुवटी थरथरत होती.

"बाबा, लवकर," ती म्हणाली. "सुटतंय."

रंगनाथने कॅमेरा डोळ्याला लावला. पिंपळावरून वाघूळमामा ओरडला, "एक पॉइंट आठवरच ठेव. कोणाचं ऐकू नको." बगळेसर म्हणाले, "अजून लांब जा." सासरकडचे म्हणाले, "आटपा." खारूताई मोबाइल घेऊन शेजारी आली.

"भावजी, मीही एक काढून ठेवते. राहील पडून."

"बाजूला व्हा," रंगनाथ म्हणाला. "फ्रेममध्ये शेपूट येतं."

ती बाजूला झाली. मोबाइल तिने पदराखाली घेतला.

एका डोळ्याने त्याने भिंगातून पाहिले. दुसरा डोळा आकड्यांवर होता. त्याच वेळी केशरच्या पुढच्या काटकीवर एक मुंगी चढली. कॅमेऱ्याने जे जवळ दिसले ते धरले. खट्‌ असा आवाज झाला. बॅटरी संपली.

केशरने श्वास सोडला. तोंड हिरवे झाले. मग पानांत पान मिसळावे तशी ती गेली.

आठ दिवसांनी फोटो छापून आला. तिरपेशेठने तो दुकानाच्या दारात लावला. अख्खे जंगल बघायला लोटले.

मुंगी अप्रतिम आली होती. तिच्या पायावरची लव मोजता येत होती. डोळ्यात तिच्या ऊन उतरले होते. मागे एक हिरवट पिवळा ढग होता.

"वा," बगळेसर म्हणाले. दुसरा पाय त्यांनी पहिल्यांदाच खाली टेकवला.

"मागचं बघा," वाघूळमामा म्हणाला. "कसं वितळलंय. म्हणालो नव्हतो?"

वाघाने शाबासकी पाठवली. वार्षिक प्रदर्शनात पहिला नंबर आला. मुंगीचा सत्कार झाला. तिने घरी लावायला एक प्रत मागून नेली. रंगनाथला लोक हात जोडू लागले. चार नवशिके सरडे त्याच्याकडे सल्ला विचारायला आले. तो म्हणाला, "लेन्स पन्नासची घ्या." त्याचा आवाज जरा बसला होता. लोकांना वाटले, मोठेपणाने बसला.

पहिल्या सणाला केशर माहेरी आली. दारात एक पान येऊन पडले असे रंगनाथला वाटले. ते पान म्हणाले, "बाबा."

त्याने पाट मांडला. पाणी दिले. 

"सासरी बरं आहे?"

"बरं आहे. सगळे सारखेच दिसतात, त्यामुळं भांडण कोणाशी झालं ते कळत नाही." तिने पाण्याचे भांडे खाली ठेवले. "बाबा, एक विचारू? माझा रंग कसा होता हो? मला आता आठवत नाही. हिरव्याशिवाय काही करायला गेलं की अंग दुखतं."

रंगनाथ उठला. भिंतीवरचा फोटो काढून त्याने तिच्यापुढे ठेवला. केशरने तो जवळ धरला, लांब धरला.

"ही मुंगी कोण?"

"ती अशीच आली. तू तिच्या मागं आहेस."

"कुठं?"

त्याने बोट ठेवले.

"हे? हे तर धुकं आहे, बाबा. मी एवढी धूसर कशी हो आले?"

रंगनाथने तिच्याकडे पाहिले नाही.

"पोरी," तो म्हणाला, "त्याचेच तर पैसे दिले."

तात्पर्य : मागचे धूसर आले म्हणजे लेन्स चांगली समजावी. मागे कोण उभे होते असे विचारणाऱ्याला फोटोग्राफीतले काही कळत नाही. आणि शेजारणीच्या फुटक्या मोबाइलवर फोटो कधीही काढू देऊ नये. त्यात आपली माणसे ओळखू येतात.